साध्या पाण्याची बाटली

नव्या बाईंना शाळेत येऊन तिसरं वर्ष सरत आलं होतं, तरी त्या नव्याच होत्या. कायम होईपर्यंत माणूस नवंच, असा त्या शाळेचा खाक्या होता. शिक्षकांच्या हजेरीपटावर त्यांचं नाव सगळ्यांत खाली, तेही पेन्सिलीनं लिहिलेलं. पेन्सिलीनं कशाला, तर खोडायला बरं पडतं म्हणून. हे हेडसरांनी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं होतं, आणि नव्या बाईही तेव्हा हसल्या होत्या.

घर म्हणजे भावाचं घर. हॉलमधली एक कॉट त्यांची, तीही कोणी पाहुणा येईपर्यंत. पाहुणा आला की गादी गुंडाळायची आणि स्वयंपाकघरात जाऊन काम असल्याचं सोंग करायचं. कोणी चौकशी केली की वहिनी चहाचा ट्रे पुढे करत म्हणायची, "आमच्या नणंदबाई अजून प्रयोगावर आहेत." दादा पेपरात तोंड खुपसून बसायचा. वर्षाच्या सुरुवातीला हेडसरांनी नव्या बाईंना बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, की यंदाची तपासणी चांगली गेली तर नाव शाईनं लिहू, नाहीतर पुढच्या जूनपासून येऊ नका. तेव्हापासून बाईंना झोपेतसुद्धा शाईची बाटली दिसायची.

सहावीचं विज्ञान त्यांच्याकडे त्याच वर्षी आलं. त्याआधी सव्वीस वर्षं ते थोरल्या बाईंकडे होतं. थोरल्या बाई म्हणजे शाळेचं विज्ञान, असंच सगळे धरून चालायचे. प्रयोगाच्या खोलीत भिंतभर एक तक्ता होता, त्यांनी स्वतः रंगवलेला. उजेडातलं घेवड्याचं रोप हिरवं, अंधारातलं पिवळं, खाली लाल अक्षरांत निष्कर्ष. मुलं दरवर्षी तो निष्कर्ष वहीत उतरवायची आणि दरवर्षी सगळ्यांना दहापैकी नऊ मार्क मिळायचे. बी कोणी पेरायचं नाही. पेरायची गरजच काय, उत्तर भिंतीवर असताना?

यात माती कालवली ती एका पोरीनं. पाचवीत असताना, थोरल्या बाईंच्याच तासाला, तिनं उभं राहून विचारलं होतं, "पण बाई, हे तुम्ही करून पाहिलंय का?" वर्ग हसला. थोरल्या बाईही हसल्या, आणि पोरीला उरलेला तास हात वर करून उभं केलं. प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू करायची म्हणून पोरांनी तिचं नाव पणती ठेवलं होतं. एवढीशी, बारीक, वेण्या एक वर एक खाली, कारण आई शिवणकामाच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायची आणि वेण्या पोरगी स्वतःच घालायची.

नव्या बाईंनी सहावीत गेल्या गेल्या तक्त्यावर जुनी चादर टाकली. फळ्यावर 'गृहीतक' आणि 'चल' असे दोन शब्द लिहिले आणि मुलांना सांगितलं, की घाबरू नका, पहिल्याचा अर्थ अंदाज आणि दुसऱ्याचा अर्थ बदलती गोष्ट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच्या तसं ठेवायचं. अंदाज आधी लिहायचा. तो चुकला तर खोडायचा नाही. "जे दिसलं ते लिहायचं," त्या म्हणाल्या, "कोणाला आवडो न आवडो." बोलताना त्यांचा आवाज जरा चढला होता. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

प्रश्न पणतीनंच काढला. हात धुण्याच्या नळाचं साबणपाणी जिथे जाऊन मुरायचं तिथे, भिंतीच्या कडेला, गवताची काडी उगवत नव्हती. ते साबणामुळे, की भिंतीच्या सावलीमुळे? बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे वर्गाला कामाला लावलं. पत्र्याचे दहा सारखे डबे, एकाच खड्ड्यातली माती, प्रत्येकात घेवड्याच्या तीन बिया, सगळे डबे एकाच खिडकीत. पाच डब्यांना साधं पाणी, पाचांना साबणाचं. साध्या पाण्याच्या बाटलीला पांढरा दोरा, साबणाच्या बाटलीला लाल. बाटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्या कपाटात, कुलपाच्या आत. चाळीस मुलांनी वहीत अंदाज लिहिला, की साबणाची रोपं मरतील. मागच्या बाकावर कायम पेंगणाऱ्या, म्हणून डुलकी नाव पडलेल्या पोरानंसुद्धा लिहिला, शेजाऱ्याच्या वहीत बघून का होईना.

मेली ती साध्या पाण्याची.

दहाव्या दिवशी पाचही डब्यांतली रोपं माना टाकून पडली, पानांच्या कडा करपलेल्या. साबणाची रोपं ताठ उभी. वर्गात नुसता धुमाकूळ. उद्यापासून साबणच प्यायचा, असं एकानं जाहीर केलं आणि डुलकी जागा होऊन टाळ्या वाजवायला लागला. नव्या बाई मनातून खट्टू झाल्या, पण त्यांनी शब्द पाळला. अंदाज चुकला असं लिहा, म्हणाल्या.

"पण बाई," पणती म्हणाली, "साधं पाणी पिऊन कोण मरतं?"

मेलेल्या डब्यांच्या मातीवर पांढरट थर धरला होता. तिनं तो नखानं खरवडून बाईंना दाखवला. मग पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीतलं चमचाभर पाणी डब्याच्या झाकणात ओतून उन्हात ठेवलं, शेजारच्या झाकणात नळाचं. दुपारपर्यंत एक झाकण पांढरं झालं, एक कोरं राहिलं. बाईंचं लक्ष नसताना पोरीनं ते पांढरं जिभेला लावलं होतं. मीठ होतं. चाखल्याबद्दल बाई तिला रागे भरल्या आणि त्याच दमात त्यांनी तिची पाठ थोपटली.

कपाटात मिठाची मोठी बरणी होतीच, प्रयोगांसाठी. तरी पणतीनं कोणाचं नाव घेतलं नाही. तिनं दोन बाटल्या एकाच नळावर, एकाच वेळी भरल्या. एक पांढऱ्या दोऱ्याची, कपाटात ठेवली. दुसरीला दोरा नाही, ती स्वतःच्या दप्तरात. तीन दिवस रोज दोन्हींतलं चमचा-चमचा पाणी वाळवलं. दप्तरातलं तिन्ही दिवस कोरं. कपाटातलं पहिल्या दिवशी कोरं, दुसऱ्या दिवसापासून पांढरं. वहीत तिनं आखून लिहिलं होतं: बदललेली गोष्ट, जागा. बाकी सगळं सारखं. निष्कर्ष, मीठ कपाटात पडतं. त्याखाली एक ओळ: कपाटाच्या किल्ल्या दोन आहेत.

ती वही नव्या बाईंनी दोनदा वाचली. एक किल्ली त्यांची, एक थोरल्या बाईंची. थोरल्या बाई रोज मधल्या सुट्टीत चष्म्याचं फडकं घ्यायला त्या खोलीत जायच्या, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. चष्म्याचं फडकं कपाटात कशाला ठेवायचं, हे मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं.

पोरगी म्हणाली, पण आता काय करायचं? आणि नव्या बाईंनी, ज्यांचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, तिचा हात धरला. "हेडसरांना दाखवायचं," त्या म्हणाल्या. "तू घाबरू नकोस. मी आहे ना." पोरीला स्वतःहून कुठेही जायचं नव्हतं. तिला त्यांनी नेलं.

हेडसरांनी वही वाचली, उलटी करून मागचा पुठ्ठाही पाहिला, आणि थोरल्या बाईंना बोलावणं धाडलं. थोरल्या बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावून शांतपणे ते पान वाचलं. अक्षर सुधारलंय हो हिचं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, किल्ल्या दोन आहेत हे खरं आहे. एक माझ्याकडे आहे, सव्वीस वर्षं आहे. दुसरी यांच्याकडे आहे, यंदापासून. आता सरांनीच ठरवावं. एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

हेडसरांना काहीच ठरवायचं नव्हतं. तो माणूस आयुष्यभर काही न ठरवताच त्या खुर्चीपर्यंत पोचला होता. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं, तपासणी तीन आठवड्यांवर आली आहे असं सांगितलं, आणि दोन शिक्षिकांचं भांडण तपासणीच्या साहेबांच्या कानावर गेलं तर दोघींपैकी एकीला जावं लागेल, असं ते दोघींकडे बघत म्हणाले. दोघींपैकी कोण, ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

"का पोरीचाच खेळ आहे हा?" ते म्हणाले. "पोराटोरांचं काम असेल तर विषय इथेच मिटतो. पण कपाटाला कुलूप असतं म्हणता, मग पोरगी उघडणार कशी?"

खोलीत पंखा फिरत होता. पणती नव्या बाईंकडे बघत होती, अगदी निर्धास्त. बाई आता सांगतील, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नव्या बाईंना हॉलमधली कॉट दिसली. गुंडाळलेली गादी दिसली. वहिनीच्या हातातला ट्रे दिसला. एवढं सगळं दिसायला फार वेळ लागत नाही.

"किल्ली मी तिला देत होते," त्या म्हणाल्या. "दोन-तीनदा दिली. बाटल्या काढायला."

बस्स. एवढंच वाक्य. पणतीनं तोंड उघडलं, पण पुढे तिचा तो नेहमीचा शब्दसुद्धा आला नाही. हेडसरांनी कॅलेंडर जागेवर ठेवलं. थोरल्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदाच नव्या बाईंकडे नीट, आपलं माणूस असल्यासारखं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या आईला बोलावलं. ती कारखान्यातून अर्धी पाळी टाकून आली, गळ्यात टेप तसाच. हेडसरांचं ऐकून घेतलं आणि नव्या बाईंच्या पुढ्यातच पोरीच्या कानाखाली एक ठेवून दिली. नंतर तिचाच चेहरा पडला. "बाई, घरी उठता बसता तुमचंच नाव असतं हिच्या तोंडी," ती म्हणाली. "तुमच्यासारखं व्हायचंय म्हणते. आणि तुमच्याच प्रयोगात असं केलं." नव्या बाईंनी तिला पाणी दिलं. मुलं करतात कधीकधी, म्हणाल्या. हे म्हणताना त्यांची जीभ झडली नाही. जिभा अशा झडत असत्या तर अर्ध्या शाळा मुक्या झाल्या असत्या.

शिक्षा ठरली ती अशी, की सोमवारच्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे माफी, आणि विज्ञानाच्या तासाला वर्गाबाहेर, व्हरांड्यातल्या स्टुलावर. माफीच्या ओळी नव्या बाईंनीच सांगायच्या होत्या. शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी पणतीला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. मी साध्या पाण्याच्या बाटलीत मीठ घातले. पोरगी लिहीत होती, अक्षर सुबक, रेघेवर. मध्येच तिनं पेन थांबवलं.

"किती चमचे लिहू?"

बाईंना कळेना.

"किती घातलं ते लिहायचं असतं," पणती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय. नुसतं मीठ घातलं असं लिहिलं तर ते धरत नाहीत."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. नव्या बाईंनी फळ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "दोन," त्या म्हणाल्या. पोरीनं दोन लिहिले, आणि सोमवारी सहाशे मुलांपुढे मोठ्यानं वाचले. पहिलीच्या पोरांना काही कळलं नाही, तरी बाकीचे हसले म्हणून तीही हसली.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत थोरल्या बाईंनी आपल्या थर्मासमधला अर्धा कप चहा नव्या बाईंपुढे सरकवला. "आता शिकलीस," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत त्यांनी नव्या बाईंना कधी चहा विचारला नव्हता. नव्या बाईंनी तो घेतला, आणि त्यांना वाटलं, चला, फिटंफाट झाली, आता ही बाई आपल्या वाटेला जाणार नाही. माणसाला सोयीचं ते लवकर पटतं.

तपासणीला दाखवायला प्रयोग तर हवाच होता. डबे घासून पुन्हा मांडले. तीच माती, तेवढ्याच बिया, तीच खिडकी. पांढऱ्या दोऱ्याची बाटली हातात घेऊन नव्या बाई कपाटापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. ही पर्समध्ये ठेवावी, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण चोर सापडलाय म्हणून सगळ्या शाळेपुढे सांगून झाल्यावर बाटली पर्समध्ये का, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होत्या? बाटली कपाटात गेली. कुलूप लागलं. व्हरांड्यातल्या स्टुलावर पणती पुस्तकातले धडे उतरवत बसलेली असायची, आणि बाई त्या दारानं जायचंच टाळायच्या.

रोपं छान आली. बाईंनी वहिनीला न विचारता एक निळी साडी इस्त्रीला दिली. दादा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, काय गं, होतंय का काम? होईल असं दिसतंय, त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात हॉलमधल्या कॉटवर त्यांना शांत झोप लागली, हेही सांगायला हवं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी खोली उघडली, तर पाच डब्यांतली पाचही रोपं आडवी. मातीवर पांढरट थर. रविवार-सोमवार दोन दिवस सुट्टीचे होते, त्याआधी भरपूर पाजलेलं दिसत होतं. बाईंनी ओल्या बोटानं एका डब्यातला थर पुसून पाहिला, जणू तेवढ्यानं रोप उठणार होतं. मागून पावलं वाजली. थोरल्या बाई कपाटातून चष्म्याचं फडकं घेत होत्या. त्यांनी डब्यांकडे पाहिलं आणि तोंडानं चुकचुकल्या.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "आता या वेळी कोण गं?"

घंटा झाली, मुलं आत आली आणि डब्यांभोवती कोंडाळं करून उभी राहिली. या वेळी कोणी दंगा केला नाही. चाळीस मुलं वर्षभर एकच गोष्ट शिकली होती आणि ती त्यांना चांगली येत होती. ती डब्यांकडे बघत होती, मग बाटलीकडे, मग दाराबाहेरच्या स्टुलाकडे. नव्या बाईंनी मोठ्या आवाजात सगळ्यांना जागेवर बसायला सांगितलं. तेवढ्यात हेडसर आले. उद्याची तयारी बघायला शाळाभर फिरत होते.

डबे बघून त्यांचं तोंड कडू झालं. हे कसं झालं, असं त्यांनी बाईंना नाही, वर्गाला विचारलं. शेवटी मागच्या बाकावरून डुलकी उठला. वर्षभरात तो आपणहून उठल्याचं कोणाला आठवत नव्हतं. डोळे चोळत, सावकाश, पाठ केलेलं म्हणावं तसं तो म्हणाला:

"सर, डबे तेच होते. माती तीच. बाटली तीच, कपाट तेच. एकच गोष्ट बदलली. पणती आत नव्हती." जरा थांबून, आपलं बरोबर आहे ना हे मनात तपासून, त्यानं पुढचं म्हटलं. "म्हणून तिनं मीठ घातलं नव्हतं."

प्रयोगाच्या खोलीत इतकं नेमकं उत्तर त्या वर्षात कोणी दिलं नव्हतं. आणि ते त्या ढिम्म पोरानं दिलं होतं, कोणाच्या वहीत न बघता. खरं तर बाईंनी त्याला जवळ घ्यायला हवं होतं. क्षणभर त्यांचा ऊर भरूनही आला. हे आपण शिकवलंय, एवढं त्यांच्या मनात येऊन गेलं. दाराबाहेर स्टुलावर लिहिणारा हात थांबला होता. पणतीनं मान वर केली नव्हती, पण ती ऐकत होती.

हेडसर नव्या बाईंकडे वळले. नुसते बघत राहिले, आणि त्यांच्या हातात उद्यासाठी काढलेला हजेरीपट होता.

नव्या बाई बाकांच्या मधून चालत मागे गेल्या आणि डुलकीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. त्याला वाटलं, शाबासकी मिळणार. तो हसला.

"शनिवारी जाताना कपाटाची किल्ली मी तुझ्याकडे दिली होती ना?" त्या म्हणाल्या.

डुलकीला काही आठवेना. त्याला तसं कधीच काही आठवायचं नाही, आणि बाई म्हणतात म्हणजे दिलीच असणार. तो गोंधळून हेडसरांकडे बघत राहिला, आणि मग त्यानं खरोखरच आपले दोन्ही खिसे चाचपून पाहिले.